धोंडुबाई आणि आठवी स्टेज

पेणच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत विलासचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एका सायकलवाल्याने सोडलेला गाळा, त्यात तीन मशिनी, एक कुरकुरता पंखा आणि ‘मशीनला लाथ मारू नये’ असा रंगवलेला बोर्ड. विलास राहायचा रोह्याजवळ वरसेला. धाटावच्या एका कंपनीत सात वर्षं तीन शिफ्टा केल्यावर त्याची झोप उडाली ती उडालीच, म्हणून नोकरी सोडून त्याने हा उद्योग मांडला होता. त्याच्या सासुरवाडीला या उद्योगाचा विषय निघाला की अजून सगळे एकदम चहाचं विचारायला लागत.

गिऱ्हाईक कोण असतं हे त्याला पाठ होतं. ड्यूटी संपलेले कंडक्टर, रिक्षावाले, कॉलेज बुडवणारी मुलं. त्यामुळे पंचाण्णव सालच्या जुलैत, लुगड्याचा काचा मारलेली, पंचावन्नच्या घरातली एक बाई कमरेवर रिकामी पाटी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा ती कुणाचा तरी कान धरून न्यायला आली आहे असंच त्याला वाटलं.

“कुणाला बोलवायचंय मावशी?”

“कुनाला नाय. बघते.”

तासभर ती बघत होती. कोपऱ्यातल्या मशीनवर एक कंडक्टर विमानाचा गेम खेळत होता. समोरून शत्रूची विमानं झुंडीने येत, त्यांना पाडत पुढे जायचं. त्याचं शेवटचं विमान फुटलं तशी तिने विचारलं, “ह्याच्या पुढं काय हाय?”

“पुढची स्टेज. आठ आहेत एकूण.”

“आन आठवीच्या पुढं?”

विलासने खांदे उडवले. “तिथवर कोणी गेलंच नाही अजून. पाचवीतच सगळे गार होतात.”

“तुजी मशीन,” ती म्हणाली, “आन तुनाच ठावं नाय?”

हे त्याला जरा लागलं. त्याचा स्वतःचा हातही पाचवीच्या पुढे सरकत नसे. बाईने पाटी मशीनच्या डोक्यावर पालथी घातली, कनवटीतून रुपया काढला आणि म्हणाली, “कसं खेलतात ते दाखव.”

ती धोंडुबाई. धरमतरच्या खाडीकाठी तिचं गाव, आणि बाराव्या वर्षापासून तिचं आयुष्य मिठागरावर गेलेलं. दिवाळी झाली की आगराचे बांध घालायचे, खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते उन्हाने आटवायचं, मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीने ओढून राशी करायच्या आणि मग पाट्या डोक्यावर घेऊन बार्जमध्ये ओतायच्या. नवरा कान्हू बार्जवरच खलाशी. पावसाळ्यात आगर पाण्याखाली जातं, तेव्हा ती आणि शेजारची सीताबाई दर मंगळवारी सुकट-जवळा घेऊन पेणला येत. दुपारी माल संपला की पाचच्या गाडीपर्यंत वेळच वेळ. सीताबाई झाडाखाली पदर अंथरून घोरत असे आणि धोंडुबाई विलासच्या दुकानात येई.

पहिल्या दिवशी ती पहिल्याच स्टेजला मेली. दुसऱ्या मंगळवारी तिसरीपर्यंत पोचली. लोक हसायचे. ती खेळायचीही मोठी मजेशीर. मान तिरकी, कान मशीनकडे, नजर पडद्याच्या वरच कुठेतरी भिंतीवर, आणि ओठ सारखे हलत. “मावशी मंत्र म्हणते,” असं रिक्षावाले म्हणायचे. डावं मनगट तिचं वाकडं बसलेलं होतं, तरी मिठाने भेगाळलेल्या त्या बोटांनी ती मशीनचा दांडा असा अलगद धरायची की सुईत दोरा ओवते आहे असं वाटावं.

ऑगस्टात ती पाचवी पार करून गेली. त्या दिवशी दुकानात कोणी हसलं नाही. गणपती झाल्यावर सहावी गेली. सप्टेंबरच्या शेवटी ती सातवीत शिरली तेव्हा शेजारचा सलूनवाला अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट बघायला आला होता. विलासच्या अंगावर काटा आला. कंपनीत त्याने भलेभले ऑपरेटर पाहिले होते, पण असा हात त्याने पाहिला नव्हता. मंगळवार उजाडला की वरसेहून निघतानाच तो घड्याळ बघायला लागे. बायको म्हणाली, “कोण येतं एवढं मंगळवारी?” तर खरं सांगूनही तिला ते पटेना.

धोंडुबाईला मात्र त्या कौतुकाचं काही नव्हतं. खेळ संपला की ती एवढंच विचारायची, “आठवीच्या पुढं काय असंल रं?”

ऑक्टोबरात पनवेलहून निरोप आला. मशीन भाड्याची होती, तिचा मालक ती गुरुवारी परत नेणार होता. तिच्या जागी मारामारीचा गेम येणार होता, सध्या सगळीकडे त्याचीच चलती. मधे एकच मंगळवार उरला होता. दिवाळी तोंडावर होती, ती झाली की धोंडुबाई आगरावर जाणार, म्हणजे हा तिचाही शेवटचाच.

 इतकी मेहनत केलेल्या बाईला शेवट बघायला मिळू नये, हे विलासला सहन होईना. मंगळवारी सकाळी त्याने दुकान उघडलं, मशीनचं मागचं दार किल्लीने उघडलं आणि आत वाकला. आत हिरव्या पाटावर नखाएवढी दोन बटणं होती. ती खाली-वर केली की खेळाचे चार प्रकार होत. सोपा, मधला, कठीण आणि अतिकठीण. सगळे दुकानदार कठीणवरच ठेवत, कारण माणूस लवकर मेला की लवकर नाणं टाकतो. ही बटणं गिऱ्हाइकाला कधी दाखवायची नसतात, हा धंद्यातला पहिला धडा. विलासने सोप्यावर ठेवून दार लावलं, आणि दिवसभर पुण्य केल्यासारखा खूश होऊन बसला.

तीन वाजता धोंडुबाई आली. आज शेवटचं हे विलासने तिला आल्या-आल्या सांगितलं. बघायला दहाबारा जण जमले. तिने पाटी नेहमीच्या जागी पालथी घातली, नाणं टाकलं, मान तिरकी केली.

आणि दुसऱ्याच स्टेजला तिची तिन्ही विमानं फुटली.

“मावशी, आज मंत्र चुकला!” कंडक्टर ओरडला. तिने पुन्हा नाणं टाकलं. पुन्हा दुसरीतच खलास. विलासला काही सुचेना. सोपं केलं होतं की आपण चुकून अतिकठीण करून ठेवलं? पण पडद्यावर तर विमानं आरामात, रमतगमत येत होती. लहान मुलानेही पाडली असती.

धोंडुबाईने दांड्यावरचा हात काढला आणि मशीनच्या अंगावर ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

“इलास, हिला काय केलंस?”

“काही नाही मावशी.”

“पयली झुंड अकराला येते. आज पंधरा झाल्याबिगर येत नाय. मी अकराला बटन दाबते.”

“तुम्ही मोजता?”

“मंग काय करू? मना दिसतं कुठं?”

 ती अगदी सहज सांगत होती. चाळीस वर्षं भर दुपारी पांढऱ्या मिठाकडे बघून बघून तिचे डोळे गेले होते. मोठं काही आलं तर डागासारखं दिसे, बारकी विमानं मुळीच दिसत नसत. दर मंगळवारी ती आधी कंडक्टरचा आणि मुलांचा खेळ नुसत्या कानांनी ऐकायची, आणि पाचवीच्या पुढचं स्वतः मरत-मरत. कितव्या आकड्याला कुठला आवाज होतो, कितव्याला डावीकडून येतात, कितव्याला उजवीकडून, हे तिने आठवडाभर चालता-चालता घोकून ठेवलं होतं. सात स्टेजचं.

 सगळ्या पेणला धड दोन डोळ्यांनी जे जमलं नाही, ते या बाईने न बघता केलं होतं. तीन महिने ती विलाससमोर करत होती, आणि तो मंत्र मंत्र म्हणून हसत होता.

“मावशी, चुकलो,” तो म्हणाला. “मी सोपं केलं होतं. तुम्हाला शेवट दिसावा म्हणून.”

त्याला वाटलं ती पाटी उचलून चालू लागेल. ती स्टुलावर बसली.

“ह्यो मनगट कसा मोडला ठावं हाय? मी टायफाईडातनं उठलेली. बांधावरनं बार्जवर फली टाकलेली असते, तिच्यावरनं पाटी न्यायची. फली वाकते, वर येते, तिच्या झोक्यावर पाय टाकायचा. भरल्या पाटीचा झोका येगला, अर्धीचा येगला. हैबतराव मुकादम, भला मानूस. त्याला माजी दया आली. मना न सांगता माजी पाटी अर्धी भरायला लावली. मी तापातनं उठलेली, मना अर्धीबी भरल्यावानी जड लागली. भरल्या पाटीचा पाय टाकला न् गेली चिखलात.”

“मग त्याला काय म्हणालात?”

“बोलले, अर्धी दे, पन सांगून दे. मंग म्हयनाभर अर्धीच नेली मी. त्यात काय लाज?”

विलासने किल्ली काढली. धंद्याचा पहिला धडा गेला खड्ड्यात. त्याने मशीनचा करंट बंद केला, मागचं दार उघडलं आणि तिचं बोट धरून त्या दोन बटणांवर ठेवलं. चारही प्रकार समजावून सांगितले. तिने नखाने बटणं चाचपली.

“एवढ्यानं?” ती म्हणाली. “बरं. पयलं माजं नेहमीचं कर.”

त्याने कठीणवर ठेवलं. ती उभी राहिली, ओठ हलू लागले, आणि मग जे झालं ते बघणाऱ्यांना जन्मभर पुरलं असेल. आता सगळ्यांना ठाऊक होतं की तिला दिसत नाही. झुंड डावीकडून सुटायच्या आधीच तिचं विमान तिकडे जाऊन उभं असे. गोळी आधी निघे, शत्रू नंतर येऊन तिच्यावर आदळे. कंडक्टरने कधी टोपी काढून हातात घेतली ते त्यालाही कळलं नाही. सहावी गेली. सातवी गेली. आठवी सुरू झाली तसे तिचे ओठ थांबले, कारण आठवीचे आकडे तिच्याकडे नव्हतेच. अंदाजाने ती थोडी पुढे गेली आणि संपली.

दुकान दणाणून गेलं. “पुन्हा टाका मावशी! एवढ्या जवळ आलात!” विलासच सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. “कठीणवरच करा, आता होणारच!”

“नको,” धोंडुबाई म्हणाली. “आता सोपं कर.”

“अहो पण...”

“मना पाचची गाडी हाय. माज्या हातानं आठवीपातूर जाता येतं, ते कललं मना. आता पुढं काय हाय ते बघू दे.”

ही गोष्ट विलासला कधी सुचली नसती. त्याच्या दुकानात येणारा प्रत्येक पुरुष कठीणवर मरायला तयार असे, पण सोपं मागायला त्याची जीभ रेटत नसे. या बाईने ते मागितलं, भर गर्दीत, आणि मान जराही खाली न घालता. त्याने बटणं बदलली.

पहिलं विमान तिने गोळी न झाडता नुसतं फुटू दिलं, आकडे जुळवायला. अकराचे पंधरा. सातावर जे येत होते ते नवावर. मग दोन विमानांत ती निघाली. आठवीत मोठ्या जहाजाचा डाग तिला दिसला, बाकीचं विलास कानाशी सांगत होता, “डावीकडे, मावशी... आता उजवीकडे...” तेवढी मदत तिने मागून घेतली होती. जहाज फुटलं आणि आजवर कोणी न ऐकलेलं संगीत गाळ्यात वाजू लागलं.

“सांग,” ती म्हणाली. “काय हाय?”

विलास पडद्याकडे बघत होता. एक इवलंसं विमान पृथ्वीसारख्या एका गोळ्यावर उतरलं. इंग्रजीत दोन ओळी आल्या. मग काळोख झाला, आणि पुन्हा पहिली स्टेज. एवढंच. तीन महिने! त्याच्या मनात आलं, सांगावं हिला, राजवाडा आहे, फुलं पडतायत, तोफा उडतायत. तिला कुठे दिसणार होतं? सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्याची नजर तिच्या वाकड्या मनगटावर गेली.

“विमान घरी पोचलं,” तो म्हणाला. “शाबास म्हणून लिहून आलं. आणि मावशी... परत पहिलीपासून सुरू झालं. तेच सगळं. फक्त जोरात.”

 धोंडुबाई हसायला लागली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“अरं, हे तर आमच्या आगरावानी,” ती म्हणाली. “दर साल पावसाल्यात सगला वाहून जातो. दिवाली झाली की परत पयल्या बांधापासनं. आन मी म्हनत होते पुढं काय नवीन असंल!” ती पुन्हा हसली. ती नाराज नव्हती. आपल्या ओळखीचं कुणी लांबच्या गावात अचानक भेटावं तशी ती खूश दिसत होती. विलासचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

दारात सीताबाई येऊन उभी राहिली. “धोंडे, चल गो! गाडी लागली.”

पडद्यावर पहिली झुंड येत होती. धोंडुबाईची मान तिरकी झाली, ओठ हलायला लागले. तिने बटण दाबलं आणि झुंड फुटली.

“बारा,” ती विलासला म्हणाली. “आता बाराला येतात.” आणि मागे न बघताच सीताबाईला ओरडून सांगितलं, “तू जा गो. मी सहाच्यानं येते.”