काशीकाकीला सगळं जमतं

काशीकाकीने तपासणीला आलेल्या बाईला हाकलून दिलं, ही बातमी आमच्या वाडीत पाखाडीच्या दगडी वाटेने वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत चहा उकळायच्या आत पोचली. ती मीच पोचवली असं लोक म्हणतात. मी फक्त खालच्या टोकाची जबाबदारी घेतो. बातमी मात्र साफ खोटी. काकीने तिला हाकललं नाही, उलट इतकं खाऊ घातलं की त्या बाईला उठवेना. आणि सगळा घोटाळा त्यानेच झाला.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून दोनदा सरकारी मदतनीस येते. आंघोळ घालते, गोळ्या बघते, जड कामं उरकते. पूर्वी नुसतं वय विचारायचे. यंदा नियम बदलला. आधी कोणीतरी घरी येऊन माणसाला काय काय जमत नाही ते बघणार, मगच मदतनीस. काकीला ती हवीच होती. गेल्या साली खुब्याने दगा दिल्यापासून न्हाणीची पायरी उतरायची म्हणजे तिला घाट उतरल्यासारखं होई. त्यात तिचा मुलगा राजेंद्र याने नालासोपाऱ्याहून बजावलेलं, "मदतनीस मिळाली तर राहा. नायतर शिमगा झाला की तुला इकडे आणतो." काकी तिथे एकदा राहून आलेली. खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी, एवढंच तिचं त्या गावाबद्दलचं मत.

आता काय जमत नाही ते दाखवायचं, किती सोपं काम! पण घरी पाहुणी येणार म्हटल्यावर काकीने दोन दिवस खपून खळं सारवलं, घावणे घातले, नारळाचा रस काढला आणि ठेवणीतलं लुगडं नेसून खुर्चीत राणीसारखी बसली.

तपासणीवाल्या रेणुकाबाईंनी विचारलं, "आजी, स्वयंपाक जमतो?"

"मग तू खातंस ते काय शेजाऱ्याने केलंन?"

"आणि आंघोळ?"

"पाहुण्यासमोर बिनआंघोळीचं कोण बसतं गो?"

बाईंनी लिहिलं, सगळं जमतं. त्याच दिवशी माझा म्हातारा शेजारी भागोजी, जो परवाच कुंपणाचा गडगा ओलांडून माझ्या फणसापर्यंत पोचला होता, घोंगडीखाली कण्हत पडला आणि त्याला मदतनीस मंजूर झाली!

राजेंद्रचा फोन आला तेव्हा काकीचं तोंड उतरलं. मी खटपट करून रेणुकाबाईंना पुन्हा बोलावलं आणि काकीला पढवलं, "खाटेवरून हलायचं नाय. चहा मी करतो."

"आणि ती आली तरी मी लोळत पडू? लोक काय म्हणतील?"

"आजारी हाय म्हणतील. नालासोपाऱ्याला जायचंय काय?"

रेणुकाबाई आल्या तशी काकी खाटेवर पडली. चादर नाकापर्यंत ओढलेली, वर नुसते डोळे, मासे निवडणाऱ्या बाईपुढल्या मांजरीसारखे. मी चहा आणला. रेणुकाबाई एक घोट घेऊन थांबल्या.

"साखर कुठाय त्यात?" चादरीतून आवाज आला. "आणि नुसता चहा? सोबत काय नाय?"

"काकी, पडून राहा."

कसली राहते! चादर फेकून उठली. रोज काकीच्या पडवीत बसलं की चहा आपोआप पुढे येतो, अशी माझी आपली समजूत. तो येतो कसा ते त्या दिवशी बघितलं. एक हात भिंतीला, मग दाराच्या चौकटीला, मग पिंपाच्या काठाला. मधेच उंबऱ्यावर बसून दम घेतला. स्वयंपाकघराची पायरी तर बसूनच उतरली. रेणुकाबाई कप ठेवून मागोमाग गेल्या.

"आजी, रोज अशाच जाता?"

"मग काय उडत जाऊ?"

"आणि न्हाणीत?"

काकीने साखरेचा डबा खाली ठेवला. "परवापासून उतरले नाय," ती हळू म्हणाली.

मदतनीस मंजूर झाली. मंगळवारी नि शुक्रवारी येणार. रेणुकाबाई गेल्यावर मी काकीची खेचली, "आता मदतनीस आली की तिला तरी खायला घालू नका. परत म्हणतील, म्हातारीला सगळं जमतंय."

काकी म्हणाली, "त्या तपासणीवाल्या बाईने निदान विचारलंन तरी. तू रोज येऊन चहा ढोसतोस, कधी विचारलंस, काकी जमतंय काय?"