लाडवांवर घेतलेला संशय

मी संशयी आहे. दूधवाला जरा जास्त हसला तरी दूध दोनदा बघते. हा गुण घरातूनच आला.

किन्हवलीतलं आमचं घर बौद्ध. भगत, करणी, उतारा सगळं उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हा वडिलांचा दंडक. नव्वदच्या सुमाराला आत्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. बाळंत झाल्यावर दहाव्या दिवशी तिचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला आणि दोन दिवसांनी धाप लागून ती गेली. तेव्हा करणीचं नाव कुणी काढलं नाही. पाय सुजला तेव्हाच आम्ही सुशिक्षित संशय घेतला होता, लाडवात काहीतरी होतं. डिंकाचे ते लाडू शेजारच्या काकीने, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोने, आणले होते. काका आदल्याच वर्षी वारले होते. "आपला संसार मोडला, दुसऱ्याचा कसा बघवंल?" आई म्हणाली. तोंडावर कुणी आरोप केला नाही. फक्त तिच्या हातचं पाणी बंद झालं, आणि तेही आमच्या घरात, जिथे पाणी बंद होणं म्हणजे काय हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. काकी वर्षभरात डोळखांबला माहेरी निघून गेली. त्यातही आम्हाला गुन्ह्याची कबुलीच दिसली.

बारा-तेरा वर्षांनी मला दिवस गेले. सासर मुरबाडला, तपासणी कल्याणला. बोलता बोलता आत्याचा विषय निघाला, तशी डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"रक्ताच्या नात्यात असं आणखी कुणाला झालंय? पाय सुजून, दम लागून?"

कशाला विचारतात? मला लगेच शंका आली. मग त्यांनी सांगितलं. रक्त गोठवणारे घटक काही घराण्यांत जन्मतःच जास्त असतात. बाळंतपणात ते आणखी वाढतात, पायाच्या शिरेत गुठळी होते आणि तीच फुप्फुसात जाऊन अडकते. आत्ता रक्त तपासून नक्की कळणार नाही, कारण गरोदरपणात ते वाढलेलेच असतात. "एकटी आत्या असेल तर थोडं थांबू. आणखी कुणी निघालं तर मी आजच इंजेक्शनं सुरू करीन."

वडिलांना विचारलं. "थोरल्याचं हार्ट होतं," ते म्हणाले. फार पटकन म्हणाले. साधी वेळ विचारली तरी विचार करून सांगणारा माणूस! माझा त्यांच्यावरही विश्वास बसेना.

घरी तपासणीचं कारण सांगून मी डोळखांबची एसटी धरली. काकी नाचणी पाखडत होती. माझ्या पोटाकडे बघितलं, पाट दिला, पण चहाचं विचारलं नाही. विचारावं की नाही, हे तिला कळत नसावं. काका कसे गेले, मी सरळ विचारलं.

"पाय मोडलेला, महिनाभर पलास्टरात पडून व्हते. दुसरा पाय बी फुगला. मंग सकाळी उठून बसले, दम लागला, नि गेले. लोकं बोलली, हार्ट."

"मग आत्याचा पाय सुजला तेव्हा बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला होता. अजूनही मी तिलाच आरोपी धरून बसले होते.

काकीने सूप खाली ठेवलं. "आलेली ना गो सांगाया. ह्यांचा पाय असाच व्हता, हिला आजच शहापूरला दवाखान्यात न्या, येवढंच बोलनार व्हते. तू दारात उभी. बोललीस, आई बोल्ली तुमाला आत घ्यायचं नाय."

मला आठवलं. मी अकरा वर्षांची होते. मागे आत्या कण्हत होती आणि मी दोन्ही हात चौकटीला लावून उभी होते. काकीने "ऐक तरी गो" म्हटलं आणि मी कडी लावली. आईने शाबासकी दिली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना काकांचं सांगितलं. इंजेक्शनं सुरू झाली, बाळंतपणानंतरही दीड महिना चालली. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिलो. पुढे तपासलं तेव्हा माझ्या रक्तात तसा एक घटक जास्त निघाला, वडिलांच्याही. काकीच्या एका वाक्याने मी वाचले. आत्यासाठी ती तेच वाक्य घेऊन आली होती, आणि मी ते ऐकून घेतलं नाही.