काट्यावर चढण्याआधी

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. बायकोला सांगितली नाही, मुलीला नाही. निवृत्तीच्या निरोपाला सगळ्यांनी आठवणी सांगायचा आग्रह केला, तेव्हाही दुसरीच काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता सांगतो.

वजनकाट्यावर चढण्याआधी बाई चपला काढायच्या. मग कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या टेबलावर ठेवायच्या. मग पदराच्या गाठीतली सुपारी. "तेवढंच कमी होते जी," असं म्हणून डोळे मिटायच्या आणि थंड पाण्यात पाय घालावा तशा काट्यावर चढायच्या.

किल्ल्या शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या. साकोली तालुक्यातल्या एका गावात बाई शाळेचा पोषण आहार शिजवायच्या आणि त्याच गावाच्या आरोग्य उपकेंद्रात मी आरोग्यसेवक होतो. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना विचारायचं राहून गेलं. तोंडावर त्यांना खिचडीवाल्या बाई म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते तुम्ही ओळखालच. तुमच्याही ओळखीत असं एखादं जाड माणूस असेल, ज्याला आपण सगळे न विचारता सल्ला देत असतो.

आमची कामाची पद्धत अशी होती : एकानं काट्याजवळ उभं राहून आकडा मोठ्यानं सांगायचा, दुसऱ्यानं टेबलाशी बसून लिहायचा. माझा आवाज मोठा, म्हणून सांगायचो मी. व्हरांड्यात रांग असे, त्यामुळे कोणाचं वजन किती ते घरोघरी पोचे. बाईंची पाळी आली की रांगेतून कोणीतरी म्हणायचं, "सांभाळून बापा, काटा तुटन." सगळे हसायचे. मीही. एकदा तर मीच म्हणालो, "पोरांसाठी काही उरू देता का नाही, बाई?"

त्याही हसल्या. पण त्या दिवशी किल्ल्या माझ्या टेबलावरच राहिल्या. शाळेत पोरं ताटं घेऊन बसलेली, खोलीला कुलूप, आणि तरी बाई स्वतः परत आल्या नाहीत. किल्ल्या न्यायला त्यांनी शेजारणीला पाठवलं. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती.

त्या काय खात ते मी एकदा पाहिलं. सगळ्या पोरांचं झाल्यावर गंजाच्या बुडाला लागलेली करपट खिचडी त्या उलथन्यानं खरवडून घेत. "टाकून द्याले जीव होत नाही," म्हणाल्या. मी पिशवीतून आहाराचा तक्ता काढला. वरून छापून आलेला, रंगीत. सफरचंद, दही, मोड आलेली कडधान्यं. बाईंनी प्रत्येक चित्रावर बोट ठेवून तो नीट पाहिला.

"साहेब, रेशनवर तं तांदूळ भेटते. हे सफरचंद कोणत्या रेशन दुकानात भेटते, तेवढं लिहून द्या ना जी."

मला तो उद्धटपणा वाटला. आज वाटतं, त्या तक्त्यावर एवढा सरळ प्रश्न दुसऱ्या कोणी विचारलाच नाही.

मग एका हिवाळ्यात बाईंचं वजन उतरलं. पुढच्या महिन्यात आणखी उतरलं. त्या वर्षी आमच्याकडे वजन कमी करण्याची मोहीम होती आणि सभेत दाखवायला एखादं उदाहरण हवं होतं. मी बाईंना शिबिरात सगळ्यांसमोर उभं केलं. जुना आकडा सांगितला, नवा सांगितला आणि लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. बक्षीस म्हणून झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा दिला.

"पाहा," मी म्हणालो, "माणसानं मनात आणलं तर होते."

टाळ्या थांबल्यावर बाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी काहीच नाही केलं जी."

"लाजता कायले, बाई?"

"नाही जी. जेवणच जाऊन नाही राहिलं. दोन घासात पोट भरल्यासारखं होते. साहेब, मले भेव लागून राहिलं."

मी ते नीट ऐकलं होतं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

"पोट लहान झालं तुमचं. चांगलं आहे. असंच चालू ठेवा," मी म्हणालो.

डॉक्टर त्या दिवशी आतल्या खोलीत होते, दहा पावलांवर. त्यांच्याकडे कोणाला पाठवायचं ते मी ठरवत होतो. बाईंच्या नावापुढे मी लिहिलं, 'सल्ला पाळत आहे'. बाई डबा छातीशी धरून घरी गेल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा किल्ल्या दुसऱ्याच बाईच्या कमरेला होत्या. नागपूरच्या दवाखान्यात खिचडीवाल्या बाईंच्या पोटात गाठ निघाली होती आणि उशीर झाला होता. हिवाळ्यातच कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलेलं नाही. त्याच्या उत्तराला मी भितो.

हल्ली माझी पँट कमरेला सैल होते. सकाळी फिरायला येणारे म्हणतात, "वा साहेब, तब्येत मस्त कमी केली." मी काहीच केलेलं नाही. घरी आलो की दार लावून काट्यावर चढतो, चष्मा काढून, खिशातला मोबाइल बाजूला ठेवून. आणि डोळे मिटतो. मुलगी सोमवारी तपासणीला नेणार आहे. त्याआधी हे लिहून व्हावं.

बाई शेवटी एकोडीला, लेकीकडे होत्या. मी गेलो होतो. वाटभर एकच वाक्य घोकत होतो : बाई, तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही, माझं चुकलं.

त्या ओसरीत खाटेवर होत्या. मी आधी ओळखलंच नाही. लेक म्हणाली, "माय, साहेब आले पाह्य." बाईंनी डोळे उघडले, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातांकडे पाहिलं.

"काटा आणला का जी?"

"नाही, बाई."

"बरं झालं." तरीही त्यांचा हात कमरेकडे गेला, तिथं काही नव्हतं, आणि परत आला.

लेकीनं चहा आणला. सोबत मुरमुरे, त्याच डब्यातून. "हा डबा मायले तुम्हीच देल्ला होता ना? कोणाले हात लावू देत नाही."

"खा जी साहेब," बाई म्हणाल्या.

मी मूठभर मुरमुरे तोंडात टाकले. ते संपेपर्यंत बाई माझ्याकडे पाहत होत्या. मग मी उठलो, "आराम करा," म्हणालो आणि गाडीला किक मारली.