सावळारामचं खोलाचं यंत्र

आमच्या शेणवे गावचा सावळाराम लढाईच्या वर्षांत कल्याणकडच्या लष्करी छावणीत सामान उचलायला होता. लढाई संपली आणि तो घरी आला तो खांद्यावर एक यंत्र घेऊन. लांब दांडा, टोकाला तव्याएवढी चकती, पाठीवर पेटी आणि कानांना लावायचे दोन डबे. जमिनीतले सुरुंग शोधायचं ते यंत्र. आमच्याकडे सुरुंग कुठले? पण माहुलीच्या किल्ल्यावरून पळताना कुणीतरी खजिना पुरलाच असेल, यावर गावाचं एकमत होतं.

पेटीवर एक बटण होतं. सावळाराम ते नेहमी शेवटापर्यंत पिळायचा. "जितका पुढं, तितका खोल," म्हणायचा. मग जे किंचाळायचं ते फक्त त्यालाच ऐकू यायचं. आम्ही त्याचं तोंड बघून सोन्याचा अंदाज करायचो.

आधी त्याने स्वतःच्या उंबरठ्यावर चकती फिरवली. वाजलं. शेजारच्या बुधूकडे वाजलं. मग दारोदार वाजलं. घर बांधताना उंबरठ्याखाली लोखंडी खिळा ठोकायचा, म्हणजे वाईट काही आत येत नाही, ही आमची रीत, पोरासोरांनाही ठाऊक. तरी प्रत्येकाला वाटलं, शेजाऱ्याकडे खिळा असेल, आपल्याकडे मात्र सोनं. बघता बघता निम्म्या गावाचे उंबरठे उखडले आणि ज्याच्या त्याच्या हाती आजोबांचा गंजका खिळा आला. सावळाराम म्हणाला, "खजिना त्याच्या खाली हाय." लोक पुन्हा खणू लागले.

त्याच दिवसांत त्याच्या आईच्या, अंबूबाईच्या देव्हाऱ्यातला देवीचा चांदीचा टाक हरवला. निर्माल्याबरोबर उकिरड्यात गेला आणि शेणखताबरोबर राबात पसरला. भाताचं रोप करायच्या त्या जागेवर शेण-पाला पसरून पेटवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पेटवायचं ठरलं होतं. जाळात त्या पातळ टाकाचा गोळाच झाला असता. सावळारामच्या बहिणीचं, मैनाचं लग्न तोंडावर आलेलं. टाकाच्या पाया पडल्याशिवाय त्या घरची लेक मांडवात जात नाही.

"सावळ्या, तेवढा टाक बघ रे," अंबूबाई म्हणाली.

"आये, ता वरवरचा काम गो. ह्या खोलाचा यंत्र हाय."

"मंग वरचा लाव."

"वरचा कोन इचारतो?"

"तुजी बहीन इचारील. तिला काय खिळ्याच्या पाया पडाय लावू?"

सावळाराम यंत्र घेऊन राबात आला. बटण पिळलं आणि ओरडला, "आये, अख्खा राब सोन्याचा हाय!"

अंबूबाईने एक डबा आपल्या कानाला लावला आणि दांडा धरून चकती वर केली. "हा तर आभाळाकडं केला तरी बोंबलतो. आभाळातपन पुरलाय काय रे कुनी?"

तिने पायातलं चांदीचं जोडवं काढून शेणाखाली ठेवलं. "बोंब थांबेल इतवर बटन मागं घे. आता ह्याच्यावर धर." बारीकसं, चिमणीसारखं वाजलं. "ह्येवडाच पायजे. आता भुईला लागून, हलू हलू चाल."

मनात देवीचं नाव घेत ती त्याच्यामागून चालली. बांधाच्या कोपऱ्यात एकदाच चिवचिवलं. पाला सारला तर टाक! शेणाने माखलेला, पण देवीचे नाक-डोळे शाबूत. अंबूबाईने तो पदराने पुसून कपाळाला लावला.

एवढ्यात बुधू धावत आला. "सावळा, गावला म्हनं! किती खोल व्हता?"

"चार हात," सावळाराम म्हणाला.

"चार बोटा," अंबूबाई म्हणाली. "आन सावळ्या, तू आदी घरी जा, उंबऱ्याचा खिळा ठोक नि खड्डा बुजव. लेकीला काय खड्ड्यातून उडी मारून सासरी धाडू?"