समुद्र वाशीमला आला होता

सकाळी साडेदहाची वेळ. मंगरूळपीरच्या रस्त्यावरच्या एका गावातलं शाळेचं पटांगण. मंडप, माईक, सतरंज्या आणि टेबलावर पांढऱ्या चादरीखाली झाकलेली काचेची टाकी. टाकीत समुद्र.

हा किस्सा शेवटी सांगणार आहे. तो सांगितल्यावर मला दुसरं काही सांगावंसं वाटत नाही.

बातमीदाराकडे किस्से साठतात ते असे: छापून येते ती बातमी, आणि संपादक कापतो तो किस्सा. समुद्राच्या गाडीबद्दल मी सहा-सात वेळा लिहिलं. छापून आलं एकदाच, तेही लग्नाच्या जाहिरातीखाली. बाकीचं सगळं माझ्याकडेच पडून आहे. चारचौघांत बसलो की एकेक निघतं. लोक हसतात. मीही हसतो, आणि घरी येताना मान खाली असते.

*

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. समुद्र इथून इतका लांब, की बोंबील पाहिलेला माणूसही मोठा प्रवासी समजला जाई! आणि अशा मुलखात सरकारी खात्याची एक निळी गाडी फिरायला लागली. आत काचेची टाकी. टाकीत एक तारामासा, चार-पाच छोटे मासे आणि शंखात राहणारे खेकडे. शेजारी छातीएवढं पिंप, समुद्राच्या पाण्याने भरलेलं.

गाडीच्या प्रमुख होत्या सुलोचनाबाई तायडे. शेलूबाजारजवळच्या एका वस्तीतल्या. आईवडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, मुलगी शिष्यवृत्तीवर शिकली, प्राणिशास्त्राची प्राध्यापक झाली. समुद्र वाचवायचा तर आधी तो लोकांना दाखवला पाहिजे, असं त्यांनी खात्याच्या गळी उतरवलं. किनाऱ्यावरचे तालुके इतरांनी उचलले. राहिलं ते वऱ्हाड, ते बाईंनी मागून घेतलं.

साहेबांनी विचारलं होतं, "वाशीमला समुद्र कुठे आहे हो?"

बाई म्हणाल्या, "वाशीमला समुद्र नाही साहेब, पण समुद्रात वाशीम आहे. आमची काटेपूर्णा पश्चिमेच्या समुद्राला जाते आणि पैनगंगा पूर्वेच्या. दोन्हीकडे आमची घाण पोचते!"

हेच त्या गावोगाव नकाशावर दाखवायच्या. एका गावात म्हणाल्या, "या टेकडीवर पाऊस पडला की अर्धं पाणी या समुद्रात जाते, अर्धं त्या समुद्रात."

मागून एक म्हातारा उठला. "म्हंजे बाई, आमच्या भावाभावाच्या वाटण्या समुद्रापर्यंत गेल्या म्हना की!"

पुढचं भाषण कोणी ऐकलं नाही. त्याचा भाऊ शेजारीच बसला होता!

*

गाडीचे ड्रायव्हर गफूरभाई, मंगरूळपीरचे. टाकीतल्या पाण्यात हवा सोडायची जबाबदारी त्यांची. यंत्र पहिल्याच आठवड्यात बंद पडलं, तेव्हा त्यांनी सायकलच्या पंपाला रबराची नळी लावली आणि दर थोड्या वेळाने पंप मारत बसले. रात्री गाडीतच, टाकीला लागून झोपायचे.

"गफूरभाई, झोप कधी होते?" मी विचारलं.

"तारामास्याले विचारा. त्याले झोप लागली की मले लागते!"

बाईंचा शब्द होता. प्रत्येक शाळेत त्या पोरांना सांगायच्या, "हे सगळे आपल्याकडे मुक्कामाला आलेत. दौरा संपला की ज्या खडकावरून उचललं, त्याच खडकावर नेऊन सोडणार. जिवंत. एकही कमी होणार नाही." पोरं हात वर करून साक्षीदार व्हायची. गाव सोडताना पोरं गाडीमागे धावत ओरडायची, "बाई, नीट न्या बरं!"

*

दुष्काळ नुकताच सरला होता. टँकर दिसला की धावायचं, ही सवय पायांत मुरलेली. निळी गाडी एका तांड्यावर शिरली, आत पिंप दिसलं, आणि बाया घागरी घेऊन सुटल्या! दोन मिनिटांत रांग, तिसऱ्या मिनिटाला भांडण.

तायडेबाई ओरडून सांगतायत, "माय, हे पेयाचं नाही! खारं हाय! समुद्राचं हाय!"

पहिल्या नंबरची बाई कमरेवर घागर तशीच ठेवून म्हणाली, "खारं पाणी दाखवाले इतक्या दुरून आले? मायं माहेर खारपाणपट्ट्यातलं हाय. जलमभर तेच पेली मी. आमाले काहून नाही बसवलं गाडीत?"

आम्ही हसलो. बाया रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या, तेव्हा हसू थांबलं. त्या संध्याकाळी बाईंनी गफूरभाईंना सांगितलं, "यापुढे गाडीत गोड्या पाण्याचंही एक पिंप ठेवा." खात्याने त्या पिंपाबद्दल खुलासा मागितला!

*

बाईंचा सगळ्यात आवडता धडा फवारणीचा. औषधाचा पंप ओढ्यात धुऊ नका, ते पाणी पुढे समुद्राला जातं, एवढंच त्या सांगायच्या. एका गावात कपाशीवाले एक दादा उभे राहिले. धोतर पांढरंशुभ्र, आवाज चढलेला.

"बाई, समुद्र एवढा अफाट. माया एका पंपानं त्याचं काय वाकडं होते?"

"दादा, समुद्राचं जाऊ द्या. तुमच्या ओढ्यात मासे कोणते आहेत?"

"आमच्या ओढ्यात कायचे मासे?"

"कधीच नव्हते?"

दादांनी जरा विचार केला. "होते की. लहानपणी आमी धोतरानं धरत होतो." आणि मग आपलंच बोलणं आपल्याच कानावर पडल्यासारखे ते खाली बसले. टाळ्या वाजवायचं कोणाला सुचलं नाही.

*

वाशीमला आठवडाभर मुक्काम होता आणि बाईंना खोली पाहिजे होती. मी तीन घरं दाखवली. पहिल्या घरी खोली होती, आडनाव सांगितल्यावर पाहुणे येणार निघाले. दुसऱ्या घरी आडनाव सांगितल्यावर छत गळायला लागलं, तेही ऐन हिवाळ्यात! तिसऱ्या घरच्या काकू स्पष्टवक्त्या. "बाई चांगल्या दिसतात हो, पण नळ सामाईक आहे." शेवटी बाई स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरल्या. मी शरमेने माफी मागायला लागलो, तर त्याच मला समजावू लागल्या!

दुसऱ्या दिवशी हायस्कुलात त्यांनी शंखातला खेकडा हातावर घेतला. "याला स्वतःचं घर नसतं. दुसऱ्याचा रिकामा शंख सापडला की हा त्यात बिऱ्हाड करतो. वाढला की मोठा शंख शोधतो." तिसऱ्या घरच्या काकूंचे यजमान त्याच शाळेत मास्तर. पहिल्या रांगेतच होते.

बाई त्यांच्याकडे बघून गोड हसल्या. "आणि बरं का सर, समुद्रात याला कोणी आडनाव विचारत नाही!"

*

कार्यक्रमाचा शेवट ठरलेला. पिंपाची तोटी सोडून बाई चमच्यात पाणी घ्यायच्या आणि प्रत्येकाच्या तळहातावर एक थेंब ठेवायच्या. "चाखून बघा. समुद्र तुमच्या ओळखीचा झाला."

पोरं तुटून पडायची. मोठी माणसं मात्र... एकाला एकादशी होती. दुसऱ्या गावात सरपंचांना एकादशी. तिसऱ्या गावात अख्ख्या पंचकमिटीला!

गफूरभाई स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "बाई, आपली गाडी ज्या गावात शिरते, त्या गावात एकादशी लागते बगा!"

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "हेही खारंच आहे गफूरभाई. हे कोण चाखते?"

*

फक्त बाईंच्या स्वतःच्या वस्तीवर कोणाला उपास नव्हता. सगळ्यांनी हात पुढे केले. बाईंच्या आत्याबाई, दात गेलेल्या, नजर अधू. थेंब चाखून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"सुले, हे एवढं सगळं पाणी हाय समुद्रात?"

"हो आत्या. नजर पोचत नाही इतकं."

"अन् एक घोट पेता येत नाही?"

"नाही."

आत्याबाईंनी तळहात लुगड्याला पुसला. "म्हंजे गावातल्या विहिरीसारखंच झालं ना व माय!"

*

आता ते शेवटचं गाव. दुसऱ्या दिवशी गाडी कोकणाकडे निघायची होती. टाकीतलं एकही जित्राब मेलेलं नव्हतं. गफूरभाईंनी आदल्या संध्याकाळी मला टाकी दाखवली, स्वतःची म्हैस दाखवावी तशी. "मोजून घ्या वार्ताहर साहेब. आले तेवढे चालले!"

कार्यक्रम मोठा होता. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष स्वतः थेंब चाखणार होते. हेडमास्तर आदल्या दिवसापासून घामाघूम. म्हणाले, "गाडी उघड्यावर नको, टाकी आणि पिंप हॉलमध्ये ठेवू. कुलूप लावतो." गफूरभाई म्हणाले, मी हॉलमध्ये झोपतो. हेडमास्तर म्हणाले, आत सरस्वतीची मूर्ती आहे, तुम्ही गाडीतच बरे. मग गफूरभाईंनी नळी खिडकीच्या गजांतून आत सोडली आणि झोप येईपर्यंत बाहेरून पंप मारला. बाई शेलूबाजारला आत्याकडे गेल्या. गावात त्यांची सोय झाली नव्हती.

सकाळी खिडकी आतून बंद होती. नळी बाहेर पायरीवर व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली. गफूरभाई हेडमास्तरांकडे धावले, "हवा मारा लागते साहेब!"

"टाकी स्टेजवर गेली. आता कार्यक्रमानंतर."

बाई पोचल्या तेव्हा चादर घातलेली होती आणि पिंपाजवळ शाळेचे दोन मास्तर उभे होते. हातात चांदीची पळी. हेडमास्तर हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही माईकवर बोला. पाणी आमचे लोक देतील."

बाईंना काय कळायचं ते कळलं. म्हणाल्या, "द्या. पळी कोणाचीही चालेल सर. थेंब समुद्राचा पाहिजे."

अध्यक्ष उठले. तळहातावर पळीभर पाणी घेतलं, चाखलं, डोळे मिटले. मग माईककडे वळून म्हणाले, "वा! अगदी खारट!"

टाळ्या! मग उपाध्यक्षांनी चाखलं. "भलतंच खारट!" चिटणीसांनी तोंड वेंगाडलं. "कडू म्हणावं इतकं खारट!" एका ओळीत अकरा माणसं. त्या गावात एकादशी नव्हती.

बाईंना थेंब द्यायचं कोणाच्या मनात नव्हतं. त्या स्वतः पिंपाजवळ गेल्या, तोटीखाली बोट धरलं, जिभेला लावलं. पुन्हा लावलं. पाणी गोडं होतं. आणि माईक तसाच सोडून टाकीवरची चादर ओढली.

पाणी आरशासारखं नितळ होतं. वर तुळशीची पानं तरंगत होती, पानांत मासे उलटे पडले होते. तारामासा तळाशी, बाहू ढिले पडलेले. खेकडे बिऱ्हाडं सोडून बाहेर आले होते, शंख एकीकडे, ते एकीकडे. एकही हलत नव्हता. गफूरभाई सायकलचा पंप हातात घेऊन टाकीपाशी उभे होते.

पुढच्या रांगेतली पोरं उठून उभी राहिली.

बाईंनी माईकवर एकच प्रश्न विचारला. "पाणी कोणी बदललं?"

हेडमास्तरांनी आभार मानले. राष्ट्रगीत झालं.

नंतर मी एकेकाला विचारलं. हेडमास्तरांना, शिपायाला, मास्तरांना, अध्यक्षांना त्यांच्या बैठकीत जाऊन. काहीच बदललं नव्हतं म्हणे, पाणी खारट होतं, आम्ही अकरा जणांनी चाखलं. संपादक म्हणाले, अकरा प्रतिष्ठित माणसं खोटी आणि तू खरा?

ते भरलेलं पिंप दोन माणसांना हलत नाही. विहिरीपासून हॉलच्या दारापर्यंतची वाट त्या सकाळी साडेदहालाही ओली होती. आणि हॉलचं कुलूप फोडलेलं नव्हतं.