मागच्या रांगेतली खुर्ची

आधीच सांगते — भूतबित, आत्माबित्मा मी काही मानत नाही. आजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नाही. त्यात मी सायन्सच्या शिकवण्या घेते. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा...

आई नागपुरात नंदनवनला माझ्याकडेच राहते. लग्नाआधी ती आणि तिची मोठी बहीण, माझी शकूमावशी, सिद्धार्थाच्या गृहत्यागावरच्या एका बॅलेत नाचायच्या. राजवाड्यातल्या नर्तकी! आई एका गिरकीला हमखास चुकायची. मग मागून मावशी हळूच म्हणायची, "पलट वं, मंदे!"

मागच्या वर्षी मावशी तिच्या गावी, कुहीला वारली. आईचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी. जाता आलं नाही. तेव्हापासून उठता-बसता एकच — "मले तिचं तोंड पाहाले नाही भेटलं वं." समजावून समजावून मी थकले. कधीकधी चिडायचेसुद्धा.

मग कळलं, तोच बॅले कितीतरी वर्षांनी पुन्हा बसवलाय. दुपारचा शो.

"काहून नेऊन राहिली मले?" आई कुरकुरली. मी ओढतच नेलं. हॉल अर्धा रिकामा, आमच्या मागची रांग तर पूर्ण मोकळी.

नर्तकींचा नाच सुरू झाला. निळसर उजेड, संथ बासरी... नाचता नाचता एकेक जणी झोपेने कलंडत होती. मलाही गुंगी आल्यासारखं झालं. आईची बोटं मांडीवर ताल धरत होती. आणि ती गिरकी आली —

"पलट वं, मंदे!"

अगदी मागून. मी ऐकलं हो, माझ्या कानांनी!

आई वळली. मीही वळले. मागे कोणीच नव्हतं. फक्त आईच्या मागची घडीची खुर्ची, कोणी नुकतंच उठून गेल्यावर मिटते ना, तशी हळूहळू वर मिटत होती. स्टेजवर सगळ्या झोपल्या, सिद्धार्थ निघून गेला, टाळ्याही झाल्या... आई मागेच बघत होती. हसत.

ऑटोत मी विचारलं, "आई, काय दिसलं वं तुले?"

"बारीक झाली होती थोडी," आई म्हणाली. "बाकी तशीच हाय."

खुर्चीची स्प्रिंग ढिली असेल, मान्य. आवाजाचं मात्र मला अजूनही काही सांगता येत नाही. पण तोंड पाहायला मिळालं नाही, हे आई त्या दिवसापासून एकदाही म्हणालेली नाही.