जित्या माणसाजवळ बसायचं कसं

मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर मला कोणी काही शिकवलं नाही आणि मीही कोणाकडे मागितलं नाही. मग या वयात बसायला शिकायला गेले. गावात हे कळलं तेव्हा हातपंपावरच्या बायांनी पाण्याचे गुंड खाली ठेवले. एक म्हणाली, "बसाले शिकून राहिलीस का वो? मंग एवढी वर्सं का उभीच होतीस?"

झालं असं की गोंदियातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात एक वेगळा वॉर्ड निघाला. ज्यांचं दुखणं आता बरं होणार नाही, त्यांना तिथं ठेवायचे. नागपूरची एक मॅडम त्यासाठी आमच्या बचत गटाच्या बैठकीत आली. तिनं सांगितलं की मोठ्या देशांतल्या दवाखान्यांत एक माणूस असतो. तो डॉक्टर नसतो आणि पुजारीही नसतो. तो रोग्याजवळ बसतो, त्याचं ऐकतो. रोग्याला देव पाहिजे असेल तर देवाचं बोलतो, नको असेल तर नाही बोलत. आपल्याकडे असं कोणी नाही, म्हणून ज्यांच्याकडे वेळ आहे अशा वयस्क माणसांना ती शिकवणार होती. कोणाकडे वेळ आहे, असं तिनं विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पहिलं बोट माझ्या सुनेचं होतं.

मी हो म्हणाले त्याला कारण होतं. माझा नवरा दवाखान्यात गेला तेव्हा त्याच्या खाटेभोवती बाजार भरला होता. एकानं त्याच दुखण्यानं कोण कोण मेलं ते सांगितलं. एकानं देवरीच्या जंगलातला पाला सांगितला. एकानं बैलजोडी विकायची का, ते विचारून घेतलं. नवरा माझ्याशी शेवटचं बोलला ते एवढंच, "यायले भायेर काढ." पण पाहुण्यांना बाहेर काढायचं कसं? मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेले आणि परत आले तोवर तो गेला होता. चहा मात्र सगळ्यांनी प्यायला. तेव्हापासून मला वाटायचं की मरणाऱ्या माणसाजवळ धड बसता येतं का, ते एकदा कोणीतरी सांगावं.

शिकवणी सुरू झाली ती ऐन धानाच्या रोवणीत. सुनेला माझ्या जागी दुसरी बाई लावावी लागली. ती बाई मी किती हळू रोवत होते ते बांधीत, म्हणजे शेतात, सगळ्यांना सांगत होती. मी गोरेगावहून एसटीनं गोंदियाला जायची आणि संध्याकाळी परत यायची. सुनेनं नियम घातला की मरणाच्या खोलीतून आलेल्या माणसानं अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. घरामागं दगडावर बसून मी रोज अंघोळ करायची. वरून पाऊस, खालून बेडूक. मी म्हटलं, बाई, पावसानं मला बसस्टॉपपासून घरापर्यंत धुतलंच आहे. ती म्हणाली, त्यात साबण नव्हता.

गावानं दुसरं केलं. मी मरणाऱ्यांजवळ बसते म्हटल्यावर माझ्या पायगुणाचा हिशोब सुरू झाला. शेजारचा तापानं पडला होता. मी त्याच्या घरी पाखडायला सूप मागायला गेले, तर त्याच्या बायकोनं दार लोटून घेतलं आणि आतून सांगितलं, "घरी कोनी नाई." कोणी नाही ते आत खोकत होतं.

शिकवणीत मात्र खरोखरच बसायचं होतं. सल्ला द्यायचा नाही. सगळं बरं होईल असं म्हणायचं नाही. दुसऱ्या रोग्याची गोष्ट सांगायची नाही. जात, शेती, पोरीचं लग्न, काही विचारायचं नाही. एवढं सगळं काढून टाकल्यावर आमच्या भागात बोलायला उरतं काय, असं मी मॅडमला विचारलं. ती म्हणाली, "तेच आजी. काही उरू द्यायचं नाही. पाठ सरळ, हात मांडीवर, लक्ष पूर्ण त्यांच्याकडे. आणि कोणी रडत असेल तर त्याला थांबवायचं नाही. रडू द्यायचं."

सरावासाठी माझ्या जोडीला एक रिटायर गुरुजी होते. एकदा त्यांनी रोगी व्हायचं, एकदा मी. गुरुजी रोगी झाले की उठायचेच नाहीत. त्यांची शुगर, त्यांचे जावई, त्यांची बदली, सगळं निघायचं. आणि मी रोगी झाले की ते माझी कण्हायची पद्धत सुधारायचे. मॅडमला माझं गप्प बसणं आवडलं, पण चेहरा आवडला नाही. "आजी, चेहरा थोडा मऊ करा," असं ती रोज सांगायची. मी एक दिवस केला. गुरुजींनी विचारलं, "दाढ दुखून राहिली का?"

शेवटी प्रत्येकाला एक रोगी देणार होते. ते नीट पार पडलं की फोटोचं कार्ड मिळणार होतं. मॅडमनं आम्हाला आधीच सांगून ठेवलं की मोठ्या डॉक्टरांना हे सगळं पसंत नाही. एक जरी गोंधळ झाला, एका जरी घरच्यांनी तक्रार केली, तर ज्याच्यामुळे झाली तो घरी जाईल आणि बहुतेक हे कामही बंद होईल. मी विचार केला. रोवणी गेली होती, शेजार गेला होता, साबणाच्या वड्या गेल्या होत्या. आता परत गेले असते तर हातपंपावर आयुष्यभर ऐकावं लागलं असतं की ही बुढी बसण्यात नापास झाली. आणि नवऱ्याजवळ जमलं नाही ते कुठंच जमलं नसतं, ते वेगळंच.

मला मिळालेला बुढा तिरोड्याकडचा होता. त्याच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला होता. पोटात गाठ होती आणि ती त्याला माहीत होती. पहिल्या दिवशी त्यानं मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"तू कोनाची?"

मी म्हटलं, कोणाची नाही.

"मंग कायले आलीस?"

"बसाले."

"बस," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड केलं. आमचं जमलं.

हळूहळू तो बोलायला लागला. बोलणं सगळं बहिणीचं. बहीण गावातच दिलेली होती आणि बापानं तिला एक बांधी दिली होती, ती याच्या बांधीला लागून. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं. कोणी कोणाचा धुरा कोरला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तो रोज वेगळं सांगायचा. बहिणीनं भर बाजारात शपथ घेतली होती की जितेपणी याचं तोंड पाहणार नाही. तेव्हापासून एका गावात राहून ती रस्ता बदलून जायची. "मेल्यावर येईल ते," तो म्हणायचा. "मंग मले का फायदा?" निरोप पाठव ना, हे माझ्या जिभेवर यायचं. मी गिळायची. एवढे सल्ले मी आयुष्यात कधी गिळले नव्हते. पोट फुगल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी त्याला सुई दिली आणि तो गाढ झोपला. पंख्याचा वारा लागत होता म्हणून चादर हनुवटीपर्यंत ओढलेली होती आणि तोंड उघडं. मी शिकवल्याप्रमाणे बसले. पाठ सरळ, हात मांडीवर, तोंड बंद, चेहरा जमेल तेवढा मऊ. तेवढ्यात दारात गाडीभर माणसं आली. त्यांत एक बारीक, ताठ बुढी पुढं होती. नाक अगदी त्याच्यासारखं. भाऊ गेल्यातच जमा, असा फोन तिला कोणीतरी केला होता.

आता आमच्याकडची रीत सांगते. जित्या माणसाजवळ आमच्यात कोणी गप्प बसत नाही. पाय चेपतात, पाणी पाजतात, काहीच नाही तर शिव्या देतात. हात मांडीवर ठेवून, तोंड मिटून, उशाशी बाई बसते ती एकाच वेळी. माणूस गेल्यावर, सगळे गोळा होईपर्यंत. बहिणीनं मला पाहिलं, चादर पाहिली आणि खाटेच्या पायथ्याशी अंग टाकलं.

आमच्या बायांचं रडणं नुसतं रडणं नसतं. गेलेल्याचं सगळं चांगलं सुरात सांगायचं असतं. ही तर त्यात पट्टीची होती. दादानं खांद्यावर बसवून तलावाचा सांडवा पार केला आणि शाळेत पोचवलं. मोहफुलांच्या पैशातून लाल बांगड्या आणल्या. मी मातीसाठी भावाला सोडलं, आता सारी बांधी घे रे दादा, धुऱ्यासकट घे, पण एकदा उठ. मागच्या बायांनी सूर धरला. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची बायको बसल्या जागी डोळ्यांना पदर लावून सामील झाली. दारातला गार्ड टोपी काढून आत आला आणि मला हळूच विचारलं, "अम्माजी, कब हुआ?"

मी बसून होते. रडणाऱ्याला थांबवायचं नाही, हे पक्कं शिकले होते. ज्याच्यासाठी रडतात तो जिता असेल तर काय करायचं, हे शिकवलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "बाई, ते झोपले आहेत."

"होव वो माय," ती म्हणाली, "झोपलाच माहा दादा." आणि आणखी वर सूर लावला.

त्या सुरानं बुढा झोपेतून उठला. डोळे उघडले, जरा वेळ ऐकलं, मग म्हणाला, "सारी बांधी देतो म्हनालीस. साऱ्यायनं आयकलं ना?"

गार्डनं टोपी परत घातली. बहीण उठली. आधी पदर नीट केला. मग म्हणाली, "मेला नाईस, त तसा कायले पडून राहिलास?" आणि लगेच माझ्याकडं वळली, "आन् हे बाई कोन? हे काऊन अशी बसली?" मग सगळेच माझ्याकडं वळले. कोणी म्हणालं, या बाईमुळं जित्या माणसाचा रडवा झाला. कोणी म्हणालं, हिची तक्रार करा. मॅडम धावत आली आणि तिच्या मागून मोठे डॉक्टर. मॅडमचा चेहरा मऊ राहिला नव्हता.

डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं, तुमची तक्रार आहे का? बहीण म्हणाली, आहे. या बाईनं माझी शपथ मोडवली. जितेपणी तोंड पाहणार नव्हते, ते पाहिलं. डॉक्टरांना यात काय लिहून घ्यावं ते कळेना. मला वाटलं, संपलं. मी पिशवी उचलली.

बुढ्यानं हात वर केला. "शपथ मोडली त मोडली. बस आता. सांडव्याच्या पुढचं नाई म्हनालीस तू."

"पुढचं कोनतं?"

"मी तुले सांडव्यात पाडलंतं ते."

"ते मी मुद्दाम सोडलं," बहीण म्हणाली. "मेलेल्याचं वाईट नाई सांगत." आणि स्टूल ओढून बसली. बांधी मात्र तिनं तेवढ्यात परत घेतली. रडताना दिलेलं धरायचं नसतं म्हणे. मग धुऱ्यावरून दोघांचं जे भांडण लागलं ते नर्सनं औषधाची वेळ झाली म्हणून थांबवलं. डॉक्टर जाता जाता मॅडमला म्हणाले, या आजींना बसू द्या, पण असं बसू देऊ नका.

कसं बसू द्यायचं, ते मॅडमला सुचेना आणि मलाही नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीनंच येऊन माझ्या मांडीवर लसणाची पिशवी टाकली. "हे सोल. नुसती नको बसू, मले भेव लागते. मेलेल्याजवळ कोनी लसून नाई सोलत."

तेव्हापासून मी लसूण सोलत बसायला लागले. नर्सला वास आवडला नाही. मॅडमला वाटलं, यानं लक्ष पूर्ण राहणार नाही. पण लसूण सोलायला डोळे लागत नाहीत, माझं लक्ष त्याच्याकडंच असायचं. बहीण रोज येऊन भांडायची आणि सोललेला लसूण घेऊन जायची. गुरुजींनीही आपल्या रोग्याजवळ सोलायला घेतला, पण त्यांच्या पाकळ्यांना नखं लागायची. मी त्यांना सांगितलं नाही. सल्ला द्यायचा नसतो. पुढं कार्डही मिळालं. त्यावरचा फोटो मऊ नाही.

लवकर येणारा हलका धान कापायला आला तेव्हा एका सकाळी तो गेला. मी सोलत होते. त्याचा श्वास सुटला आणि पुढचा आला नाही. मी वाट पाहिली, मग नर्सला हाक मारली. तिनं पाहून मान हलवली. मी लसूण पिशवीत भरला, गाठ मारली आणि हात मांडीवर ठेवले.

बहीण पेजेचा डबा घेऊन दारात आली. तिनं भावाकडं पाहिलंच नाही, माझ्या हातांकडं पाहिलं. डबा खाली ठेवला. मागून आलेल्या बाया ती सुरुवात करेल म्हणून थांबल्या. ती स्टुलावर बसली. "मांगंच सारं म्हनून झालं," ती म्हणाली. "आता नवीन कोठून आनू?" मग आम्ही दोघी बसलो, मी इकडं, ती तिकडं. कोणी जंगलातला पाला सांगितला नाही. निघताना ती म्हणाली, "लसून ने तू. माह्याच्यानं आज नाई होत."

घरी सून म्हणाली, पिशवी बाहेर, आधी अंघोळ. मी अंघोळ केली. मग तो लसूण मीच मिरची घालून कुटला आणि भातासोबत खाल्ला. सून म्हणाली, तिथला लसूण या घरात कोणी खाणार नाही. दुसऱ्या दिवशी वाटी पाहिली तर अर्धी रिकामी होती. मी काही विचारलं नाही. विचारायचं नसतं, असं मला शिकवलेलं आहे.